आतल्या खोलीची तार

आईला माझ्याकडे राहायला घेऊन यायचं, एवढंच काम होतं. तिचे कपडे आणि औषधं बॅगेत भरायची, घराला कुलूप लावायचं आणि संध्याकाळची गाडी पकडायची. भर दुपार होती, खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलेलं होतं. म्हणून मी निर्धास्त होते. एरवी मी दाराची बेल वाजली तरी दचकते. बाबा मला भित्री भागूबाई म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना आवाजाचं भारी वेड. नोकरी कचेरीतली, पण जीव सगळा हॉलमधल्या अॅम्प्लिफायरमध्ये आणि त्याच्या दोन लाकडी स्पीकरमध्ये. शेवटच्या आजारात त्यांचा आवाज पार खोल गेला. आतल्या खोलीतून मारलेली हाक स्वयंपाकघरापर्यंत पोचेना. तेव्हा त्यांनी पडल्या पडल्या सूचना देऊन माझ्याकडून पलंगाच्या उशाशी एक माईक बसवून घेतला. माईक एका छोट्या डब्याला जोडलेला, आणि डब्यातून निघालेली तार भिंतीच्या कडेकडेने हॉलमध्ये, अॅम्प्लिफायरच्या पाठीत. मग ते नुसते कुजबुजले तरी हॉलमधून खणखणीत आवाज यायचा, "अहो राणीसरकार, पाणी मिळेल का?" आणि आई हात पुसत धावायची. "आजारी माणूस आहे की स्टेशनवरचा भोंगा!" असं म्हणत धावायची, पण धावायची.

बाबा गेले. माईक मात्र आईने बंद केला नाही. पुढे केव्हातरी ते स्पीकर घरघरायला लागले. वरच्या पट्टीतला कर्कश आवाज नव्हे. खालचा, जाड, एकसारखा. दिवसभर चालू. हॉलमध्ये पाऊल टाकलं की तो आधी तळपायांना कळायचा, मग कानांना. आणि आई त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायची. जेवणाचं भान नाही, झोपेचा पत्ता नाही. माझ्याकडे चल म्हटलं की एकच उत्तर, "हे चालू आहे ना गं. सोडून कशी येऊ?"

मला वाटलं, तिला त्या घरघरीत बाबा ऐकू येतात. माझी आई माझ्या डोळ्यांदेखत त्या आवाजात बुडत चालली होती आणि मला ती परत हवी होती. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुलगी. तो आवाज विजेचा आहे हे दाखवून दिलं, तो बंद करून दाखवला, की आई उठेल. इतका सोपा हिशोब मी केला होता.

"राहू दे ना ती घरघर," आई म्हणाली. "तुझं काय खाते ती?"

"पाच मिनिटांचं काम आहे, आई."

"तुझ्या बाबांचीही सगळी कामं पाच मिनिटांचीच असायची. दिवाळं निघायचं दिवसाचं."

मी हसले. तीही हसली, पण तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होता.

मी आधी आवाजाचं बटण शून्यावर आणलं. घरघर थांबली. म्हणजे ती बाहेरून येत होती. मग आतून येणारी तार मागून उपसून बटण पुन्हा होतं तिथे नेलं. शांत. म्हणजे अॅम्प्लिफायर ठणठणीत होता, दोष त्या तारेच्या वाटेवर होता. आतल्या खोलीत जाऊन बघितलं तर डब्याची पिन तिथल्याच प्लगमध्ये बसवलेली. इथेच गोम होती. अॅम्प्लिफायरला हॉलचं अर्थिंग, डब्याला आतल्या खोलीचं, आणि दोघांना बांधणारी मधली तार. दोन्ही अर्थिंगमध्ये जरा फरक असला की त्या वेटोळ्यात वीज फिरत राहते, आणि स्पीकर ती बोलून दाखवतो. भुताटकी वगैरे काही नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल.

फक्त एक गोष्ट खटकली. बाबांनी अशी जोडणी करूच दिली नसती. सगळं एकाच बोर्डवर, हा त्यांचा कायदा होता. त्यासाठी त्यांनी माझ्याकडून हॉलच्या बोर्डपासून आतपर्यंत विजेची एक लांब वायर खेचून घेतलेली मला चांगली आठवत होती. ती वायर मला कपाटात मिळाली. नीट गुंडाळून, वर दोरी बांधून ठेवलेली.

मी ती सोडली, हॉलच्या बोर्डपासून आत नेली, डब्याची पिन तिच्यात बसवली. आतल्या खोलीत पलंगावर स्वच्छ चादर होती. कोपऱ्यात औषधांचा वास अजून घोटाळत होता. मी इकडेतिकडे न बघता बाहेर आले, तार जागेवर बसवली.

घरघर नव्हती. हॉल एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. माईक चालू होता, स्पीकर चालू होते, आणि मधे नितळ शांतता. मला स्वतःचा अभिमान वाटला. मी आईकडे वळून म्हणाले, "बघ, गेली की नाही?"

आईने डोळे मिटले होते.

तेव्हा मला ते ऐकू आलं. अगदी बारीक. श्वास. आत घेतलेला... थांबलेला... सोडलेला. मग पलंगाची करकर, कुणी कूस बदलल्यासारखी. मी आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघितलं. पलंग दिसत होता. चादरीवर एक सुरकुती नव्हती.

"आई..."

"मला माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "आता पाणी मागतील."

आणि स्पीकरमधून, माझ्यापासून हातभर अंतरावरून, कोरड्या घशाचा आवाज आला, "पाणी..."

आई उठली. सवयीने उठावं तशी. स्वयंपाकघरात गेली, पेला भरला, आत नेऊन ठेवला, परत आली. पेला भरलेलाच राहिला, ते मला बाहेरून दिसत होतं.

"पीत नाहीत," ती म्हणाली. "जाते मी, ठेवते, कुणी नसतं. खोलीतून नुसत्या कानाने काहीच ऐकू येत नाही. फक्त यातून येतं. पहिले काही महिने दिवसातून किती वेळा गेले असेन गं... मग एकदा फरशी पुसताना ती लांब वायर पायात आली, मी काढून ठेवली. पिन तिथल्याच प्लगमध्ये घातली, आणि ही घरघर सुरू झाली. त्यात त्यांचा आवाज बुडून गेला. मला इतकं हायसं वाटलं... वायर गुंडाळून ठेवून दिली."

"मग बंद का नाही केलंस सगळं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी काहीतरी निर्दयी बोलून गेले की बघायची. "हाक मारणाऱ्या माणसाचं तोंड दाबू? चालू ठेवलं होतं. कान देऊन बसले होते. ऐकू येत नव्हतं, त्याला माझा इलाज नव्हता. एवढीच काय ती माझी सुटका होती, बाळा."

मी आत पळाले, पिन पुन्हा पहिल्या प्लगमध्ये घातली. दोन बोर्ड, दोन अर्थिंग, तेच वेटोळं. घरघर यायलाच हवी होती. आली नाही. तार हलवली, पिन बदलल्या, आवाजाचं बटण पार टोकाला नेलं. शांतता तशीच राहिली, नितळ, आणि तिच्यात तो श्वास आता मोठा झालेला. मी आयुष्यात पहिल्यांदा एखादा दोष मुद्दाम परत आणायला धडपडत होते, आणि माझं शिक्षण मला एका अक्षराची मदत करत नव्हतं.

मग मी रडले. "आई, तू चल इथून. मला भीती वाटते. माझ्यासाठी चल."

ती माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "रडू नको. थांब, त्यांना सांगून येते."

ती आत गेली, पलंगाच्या कडेला बसली. मी हॉलमध्ये स्पीकरपाशी. तिचं कुजबुजणं मला खणखणीत ऐकू येत होतं. "अहो, लेक न्यायला आलीय. घाबरलीय पोर. काय करू मी? तुम्हीच सांगा." मग बराच वेळ काही नाही. एक श्वास. मग दुसरा, त्याच्यात मिसळलेला.

बाहेर आली तेव्हा आई हलकी दिसत होती. तिने स्वतः बॅग उचलली, चपला घातल्या. मी दारापाशी उभी होते, हात मेन स्विचवर. घर बंद करून बाहेरगावी निघालं की मेन पाडायचा, ही आमच्या घरची जुनी शिस्त.

"गॅस बघितलास ना?" आई माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली. "आणि मागच्या खिडकीची कडी..."

त्याच क्षणी हॉलमधून, स्पीकरमधून, तिचाच आवाज आला. "मी कुठे जात नाही. झोपा तुम्ही."

मी दचकले. लहानपणापासून जशी दचकते तशीच. आणि दचकण्यात माझा हात खाली आला.

मेन पडला. स्पीकर गप्प झाले. आणि माझ्या शेजारी आईही गप्प झाली. ‘कडी’ या शब्दावरच.

तेव्हापासून ती बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात घसा चांगला आहे, कान चांगले आहेत, धक्का बसला असेल, हळूहळू येईल. ती उठते, अंघोळ करते, समोर ठेवलं की जेवते. मी हाक मारली की मान वळवते, जरा उशिरा. मला ती परत हवी होती. मी तिला आणली. हे मी स्वतःला रोज सांगते.

गेल्या आठवड्यात मी एकटीच गेले. सकाळी, उजेडात. कुलूप काढलं, दारातूनच हात घालून मेन वर केला. हॉलमध्ये अॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागला. मी उंबऱ्यातच उभी राहिले. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, पलंग रिकामा होता. कितीतरी वेळ नुसती शांतता.

"आई," मी म्हणाले. "आई, आहेस का?"

पलंग करकरला. बाबांचा खोकला आला, मग पेला ठेवल्याचा आवाज. आणि मग तिचा, कामात असताना असायचा तसा, घाईतला, मायेचा.

"हो गं, बरी आहे मी. तू वेळेवर जेवत जा... आणि ती जी कोण तुझ्याकडे आहे ना, तिला रागावू नकोस. तिला तरी कुठे काय कळतंय."

मी दार ओढून घेतलं. मेन पाडला नाही. आता कधीच पाडणार नाही.

घरी आले तेव्हा ती टेबलाशी बसली होती, हात मांडीवर ठेवून. मी ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. रोज वाढते. तिला काय म्हणून हाक मारावी, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही. काल मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा तिने वळून माझा हात धरला, आणि ओठ हलवून, आवाज न करता, मला विचारलं, "मी कोण गं?"