दोनशे सत्त्याऐंशी नंबरचं कार्ड

संख्याशास्त्र घेऊन मी बी. ए. झाले आणि पहिली नोकरी लागली ती सांगलीच्या वखारभागात, डॉ. थोरातांच्या दवाखान्यात. साल एकोणीसशे पंचाहत्तर. शेजारी हळदीची गोदामं होती. हंगामात खिडकी उघडली की टेबलावर पिवळी धूळ बसायची. डॉक्टर दारू सोडवण्याचे उपचार करायचे. आसपासच्या गावांतून माणसं यायची, बहुतेक वेळा बायका-भावांनी धरून आणलेली.

माझं काम कार्डांचं. प्रत्येक रोग्याचं एक जाड कार्ड असायचं आणि त्याच्या चारी कडांना ओळीनं भोकं. एकेक भोक म्हणजे एकेक लक्षण: हातापायांना कापरं, ताप, भास, झोप नसणं. लक्षण असेल तर कंडक्टरच्या चिमट्यानं त्या भोकाची कड कापून मोकळी करायची. नवा रोगी आला की सगळी कार्डं एकत्र धरायची, कापऱ्याच्या भोकातून विणायची सुई घालायची आणि उचलायची. ज्यांना कापरं होतं त्यांची कार्डं खाली पडत, बाकीची सुईला लटकून राहत. पडलेल्यांतून पुन्हा तापाच्या भोकात सुई. असं करत शेवटी तीन-चार कार्डं उरायची. मागे या रोग्यासारखेच कोण आले होते, त्यांना काय दिलं आणि पुढे काय झालं, ते त्यांवर लिहिलेलं असायचं. डॉक्टर ते वाचून औषध ठरवायचे. म्हणायचे, माझी आठवण चुकेल, सुई चुकायची नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी कुंडलहून राहीबाई नवऱ्याला जीपमधून घेऊन आली. ज्ञानू साळुंखे. वय चव्वेचाळीस, फौजेतून हवालदार होऊन आलेला, घरी चार एकर ऊस. अंगानं उंचापुरा, पण बाकावर गोळा होऊन पडला होता. बोटं थरथरत होती, अंग तापलेलं, आणि समोरच्या भिंतीवरून काहीतरी सरपटतंय असं तो पुटपुटत होता. राहीबाईनं सांगितलं ते एवढंच, की लेकीचं लग्न ठरलं म्हणून त्यानं चार दिवसांपूर्वी दारू एकदम टाकली आणि तेव्हापासून हे सुरू झालं.

यात नवल काहीच नव्हतं. असे रोगी आम्ही महिन्याला दोन-तीन बघायचो. झोपेचं इंजेक्शन, सलाईन, चार दिवस खाट. नर्स चंद्राबाई इंजेक्शन भरायला गेलीसुद्धा. तरी नियम म्हणून मी पेटी उघडून कार्डं काढली. आतापर्यंतचे रोगी दोनशे शहाऐंशी, तेवढीच कार्डं.

पाच वेळा सुई घातली. टेबलावर चार कार्डं उरली.

तीन माझ्या ओळखीची होती. तिन्हींवर तेच इंजेक्शन, तेच सलाईन, आणि शेवटी ‘बरा’.

चौथं कार्ड मी कधी पाहिलं नव्हतं.

वर नंबर होता दोनशे सत्त्याऐंशी. पुरुष, चव्वेचाळीस, कुंडल. उपचार: झोपेचं इंजेक्शन, सलाईन. खाली लिहिलं होतं: संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मृत्यू. डोक्यात रक्त साकळलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी पडल्याचं घरच्यांनी सांगितलं नाही.

तारीख त्याच दिवसाची.

अक्षर माझं. ‘झ’ची शेपटी मी जशी डावीकडे ओढते तशीच ओढलेली.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

मी कार्ड डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि हे कधी केलंस म्हणून विचारलं. मी केलेलं नाही, एवढंच मला सांगता आलं. कुणी थट्टा केली असेल, असं ते म्हणाले, पण ज्ञानूचं नावगाव आम्हाला कळून अर्धा तास झाला नव्हता. पेटीला कुलूप असायचं आणि किल्ली माझ्या कमरेला.

डॉक्टर उठले. चंद्राबाईच्या हातातली सुई त्यांनी खाली ठेवायला लावली.

“कार्ड खोटं असेल,” ते म्हणाले, “पण प्रश्न खरा आहे. तो आपण विचारलाच नाही.”

त्यांनी राहीबाईला विचारलं, हे कुठे पडले होते का?

न्हाई, ती म्हणाली. फार लवकर म्हणाली.

डॉक्टरांनी ज्ञानूच्या डोळ्यांवर बॅटरी धरली. एकदा डाव्या, एकदा उजव्या, पुन्हा डाव्या. मग मला बोलावून दाखवलं. डावी बाहुली किंचित मोठी होती. सांगितल्याशिवाय दिसली नसती.

त्यांनी पुन्हा विचारलं. राहीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

“मी ढकललं वं,” ती म्हणाली. “पंधरा दीस झालं. त्येंनी हात उगारला आन मी ढकललं. न्हाणीच्या दगडावर डोस्कं आपाटलं. रगत न्हाई आलं. उठून जेवलंबी. मला वाटलं, मिटलं.”



डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, “आता सांगितलंत, म्हणून वाचायची आशा आहे.”

अकराच्या सुमाराला ती जीप ज्ञानूला घेऊन मिरजेच्या मोठ्या इस्पितळाकडे निघाली. डॉक्टर स्वतः सोबत गेले. मी दवाखान्यात राहिले. पेटीतली कार्डं मी दोनदा मोजली. दोनशे शहाऐंशी, आणि बाहेर हे एक. दुपारी जेवण गेलं नाही. सहाला मी घड्याळासमोर खुर्ची ओढून बसले. सहा दहा झाले, सहा अकरा झाले. गोदामात हमाल पोती उतरवत होते, त्यांचे आवाज येत होते.

साडेसहाला फोन वाजला. कवटीला भोक पाडून साकळलेलं रक्त काढलं होतं. ज्ञानू शुद्धीवर येत होता. डॉक्टरांचा आवाज दमलेला होता, पण ते हसत होते. मी फोन ठेवला आणि चंद्राबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिनं मला साखर जास्त घालून चहा करून दिला. इतका गोड चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते कार्ड एका पाकिटात घालून चिकटवलं. असा रोगी आपल्याकडे झालेला नाही, ते पेटीत राहिलं तर पुढच्यांची दिशाभूल होईल, असं ते म्हणाले. मी त्याच नंबरचं नवं कार्ड केलं आणि खाली ‘बरा’ लिहिलं. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. मात्र त्या दिवसापासून ‘डोक्याला मार’ असं एक नवं भोक प्रत्येक कार्डावर आलं, आणि पुढच्या दोन वर्षांत त्यानं आणखी तिघांना वाचवलं.

वैशाखात ज्ञानू आणि राहीबाई आली. लेकीचं लग्न होऊन गेलं होतं. त्याच्या डोक्यावर केस पुन्हा उगवू लागले होते, दारू सुटली होती, आणि राहीबाई त्याच्याकडे बघून हसत होती. डॉक्टरांच्या पाया पडून झाल्यावर तो माझ्याकडे वळला आणि हात जोडले.

“बाई, तुमचं उपकार लय हायती,” तो म्हणाला. “मिरजंला मी निपचित पडलो हुतो, तवा तुमी उशाशी बसून हुता. कार्डावर लिवायचा, फाडायचा, पुन्यांदा लिवायचा. किती येळा, त्याची गिनतीच न्हाई.”

मी मिरजेला गेलेच नव्हते, हे मी त्याला सांगितलं. दुसरी कुणी नर्स असेल.

त्यानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“न्हाई, तुमीच,” तो म्हणाला. “फकस्त केस पार पांढरं हुतं.”

तेव्हा मला चोविसावं वर्ष लागलं होतं.