पाणबुड्या भैरूचा पहिला अंक

बोर्ली पंचतनच्या बाजारात वीज गेली की माझ्या दुकानात गर्दी होते. अख्ख्या रस्त्यात इन्व्हर्टर फक्त माझ्याकडे. पण त्या रविवारी वीज जाऊनही कुणी फिरकलं नव्हतं. ऑगस्टमधली दुपार, बाहेर पाऊस कंटाळल्यासारखा पडत होता आणि मी, ‘दिपाली झेरॉक्स’ची मालकीण, नोकर आणि झाडूवाली, एकटीच माश्या मारत बसले होते. तेवढ्यात एक जण रेनकोटातून निथळत दारात येऊन उभा राहिला.

“स्कॅनर चालू आहे?”

“आहे. पण आधी बाहेरच निथळून घ्या, मग आत या.”

तो खरंच दोन मिनिटं वळचणीला गुमान उभा राहिला. इतकं ऐकणारं गिऱ्हाईक मी आजवर बघितलं नव्हतं, म्हणून मान वर करून नीट बघून घेतलं. उंच, सावळा, केस कपाळाला चिकटलेले आणि छातीशी एक पिशवी घट्ट धरलेली. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी.

“सोनं आहे की काय?” मी विचारलं.

“सोनं भिजलं तरी चालतं. हे नाही चालत.”

आतून निघालं एक जुनं कॉमिक. कव्हरवर समुद्राच्या तळाशी सुरा घेऊन उभा असलेला पिळदार माणूस, वर पिवळ्या अक्षरांत ‘पाणबुड्या भैरू’ आणि कोपऱ्यात ‘अंक पहिला, किंमत दीड रुपया’. पिना गंजून गळाल्या होत्या, त्यामुळे कव्हर सुटं झालं होतं.

“दीड रुपयासाठी तीन पिशव्या?”

“आजचा भाव सत्तर हजार.”

मी हसले. तो हसला नाही, तेव्हा मी पण थांबले.

मग त्याने स्कॅनरपाशी उभं राहून मला सगळं सांगितलं. नाव निकेत, पेणजवळच्या गावचा. घरची पूर्वी मिठागरं होती, आता तीन ट्रक आहेत, आणि वडिलांना वाटतं की पोराने ट्रकांच्या ऑफिसात बसावं. पोरगा मात्र रविवार आला की गावोगाव जुनी कॉमिक्स शोधत हिंडतो. भैरूचे त्र्याऐंशी साली जेमतेम सात अंक निघाले आणि छापणारा थकला. आज सकाळी दिघीच्या एका रिटायर मास्तरांकडे पहिला अंक मिळाला. निकेतने त्यांना खरा भाव सांगितला, तरी मास्तरांनी तो फुकट दिला.

“पण एवढे पैसे देतं कोण?”

“तेव्हा जे शाळेत होते ते. आता पन्नाशीला आलेत, हातात पैसा आहे, आणि लहानपणी आईने रद्दीत घातलेलं त्यांना परत हवंय.”

“मग आणखी दहा वर्षं ठेवा की. लाख होतील.”

“लाख होतील… नाहीतर रद्दी होईल. आठवण असलेली माणसं आहेत तोवर भाव. ती गेली की भैरूला कोण विचारतंय?” त्याने कव्हर माझ्यापुढे सरकवलं. “बेंगळुरूच्या एका गृहस्थांना पाचच्या आत स्कॅन पाठवायचाय. मी फोनला रेंज मिळते का बघून येतो. तेवढं जपा हां.”

जपा, असं तो म्हणाला. आता जपणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणालाही विचारा. ‘निसर्ग’ चक्रीवादळात आमच्या घरावरचे सगळे पत्रे उडाले होते. जमिनीचे कागद, बाबांचे दाखले, माझी मार्कशीट, सगळं आम्ही आठवडाभर दोरीवर वाळत घातलं आणि त्यातलं निम्मं गेलंच. त्यानंतर मी पहिली कुठली वस्तू घेतली असेल तर लॅमिनेशनचं मशीन. गावाने मग काय काय लॅमिनेट करून घेतलं ते विचारू नका. एकाने तर लग्नाची पत्रिकासुद्धा आणली होती.

तर… मी कव्हर स्कॅन केलं. लॅमिनेशनचं मशीन तापवलं. आणि त्याचे ते चिकटलेले केस आणि तीन पिशव्या आठवून मी कव्हर प्लॅस्टिकमध्ये घातलं आणि मशीनमधून सोडलं.

तो परत आला तेव्हा मी ते दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं. “बघा. आता शंभर वर्षं ओल लागायची नाही. आणि याचे पैसे नकोत.”

तो बघतच राहिला. एक बोट त्याने प्लॅस्टिकवरून हळूच फिरवलं आणि स्टुलावर बसला.

“छान झालंय,” तो म्हणाला. “थँक्यू.”

स्कॅनचे पैसे देऊन तो निघाला, पण हेल्मेट टेबलावरच विसरला. मी ते घेऊन मागे गेले, तर तो भिंतीच्या आडोशाला फोनवर बोलत होता.

“नाही सर, आता नाही देता येणार… कव्हर लॅमिनेट झालंय… नाही नाही, दुकानवाल्यांचा काही दोष नाही. चूक माझीच.”

हेल्मेट हातात धरून मी तशीच पावसात उभी. त्याने वळून बघितलं आणि त्याला कळलं की मी ऐकलंय.

“खराब झालं का ते?” मी विचारलं.

“गोंद कागदात मुरतो. मग ते निघत नाही. असलं कुणी विकत घेत नाही.”

“मग मला ओरडला का नाहीत?”

“तुम्ही इतक्या आनंदाने दाखवलंत…” तो ओशाळून हसला. “नाही जमलं.”

दुकानात परत येऊन बसल्यावर हळूहळू बाकीचंही कळलं. हैदराबादला जुने कागद दुरुस्त करायला शिकवणारा सहा महिन्यांचा कोर्स होता. ऑक्टोबरमध्ये सुरू होणार होता आणि सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारपर्यंत फी भरायची होती. वडिलांनी एक पैसा देणार नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणजे ज्याला कागद वाचवायला शिकायचं होतं, त्याचाच कागद मी लॅमिनेशनमधून काढला होता. मला रडू आलं. पण दुकानात रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी झेरॉक्स मशीनमध्ये उगाच कागद भरत राहिले.

“मी हाच अंक दुसरीकडून शोधून देते,” मी म्हणाले.

“देशभरात दहा-बारा असतील.”

“त्यातला एक इथे होता ना? मग अजून एखादा असेल.”

तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्यालाही आला. निम्म्या तालुक्याचे फॉर्म मी भरलेत, त्यामुळे मी दारात उभी राहिले की चहा टाकतात आणि माळ्यावरची ट्रंक खाली येते. आम्हाला तीन रविवारांत काय नाही मिळालं? उंदरांनी कुरतडलेलं सगळं वाचनालय मिळालं. सुक्या बोंबलांच्या डब्याखाली दाबून ठेवलेली अकरा कॉमिक्स मिळाली. ती हुंगून निकेत गंभीरपणे म्हणाला, “भैरू यात असता तर भाव दुप्पट झाला असता. समुद्राचा वास फुकट.”

“तुम्ही लोक कॉमिकचा वासपण घेता?”

“पान, पिना, वास, घडी… सगळं बघायचं असतं.”

“आणि माणूस? त्याचं काय बघता?”

“माणसाचं…” तो थांबला, बाइकचा आरसा उगाच पुसायला लागला. “चुकलं तर मागे पळत येतं का ते बघतो.”

त्या दिवशी आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो. कोण आधी आलं ते आठवत नाही. मी आले असेन.

घरी आईच्या नजरेतून काही सुटत नाही. “काय गो, त्यो कागदवाला आजपन येनार हाय काय?”

“येईल.”

“मंग भाकरी दोन जास्त टाकते. येवडा पेनवरनं येतो, त्याला काय कागदच खायाला घालनार हायस?”

चौथ्या रविवारी आम्ही दिघीहून बाइक फेरीबोटीत चढवून मुरुडला गेलो. दिवसभर फिरून काहीच मिळालं नाही. परतताना बोटीच्या कठड्याला टेकून तो खाडीकडे बघत होता. पावसाची बारीक भुरभुर होती, त्याने आपला रेनकोट माझ्या डोक्यावर धरला आणि स्वतः भिजत राहिला.

“नाही मिळाला तर?” मी विचारलं.

“तर… पुढच्या वर्षी बघू. तोवर रविवार आहेतच.”

आणि मला बरं वाटलं. अगदी आतून, लख्ख बरं वाटलं. दुसऱ्याच क्षणी माझी मलाच लाज वाटली. माझ्या चुकीने त्याचं जाणं अडलं होतं आणि मी मनातल्या मनात खूश होत होते.

त्यानंतरच्या गुरुवारी सखुबाई दुकानात आली. सत्तरी उलटलेली, विधवा, कोळीवाड्याच्या टोकाला एकटी राहते. तिचा पेन्शनचा हयातीचा दाखला मी दर वर्षी भरून देते आणि पैसे घेत नाही. तिने पदराआडून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

“तू भैरू शोदतेस म्हनं? ह्यो बग, ह्योच हाय काय?”

पहिला अंक. पिना जागच्या जागी, कव्हर अख्खं.

“नवरा माजा बोटीवर व्हता. खलाशांना वाचून दाखवायचा. त्याच्या ट्रंकेत व्हतं.” तिने अंक माझ्या हातात ठेवला. “तुजं लय उपकार हायेत गो माज्यावर. कदी काय मागितलं न्हाईस. ने.”

“सखूमावशी, याला सत्तर हजार येतील.”

ती हसली. “मंग अर्दं मला दे, अर्दं तुला. छपराचं काम व्हईल माजं.”

ती गेली. सोमवारी फीची शेवटची तारीख. मी फोन उचलला, निकेतचं नाव काढलं… आणि फोन ठेवून दिला. अंक ड्रॉवरमध्ये ठेवला, किल्ली लावली. शुक्रवारी त्याचा मेसेज आला, “काही कळलं का कुठून?” मी लिहिलं, “नाही.” शनिवारी दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकावर खेकसत होते. शेवटी आई म्हणाली, “पोटात काय हाय ते भाईर काढ, न्हायतर झोप.” मला दोन्ही जमेना. अंक दिला तर तो जाणार होता. नाही दिला तर तो राहणार होता, पण मग तो माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा ती नजर माझी उरली नसती.

रविवारी तो आला. शर्ट इस्त्रीचा होता, चेहरा थकलेला. मी ड्रॉवर उघडला आणि अंक त्याच्यापुढे ठेवला.

त्याने तो उचललाच नाही आधी. मग दोन बोटांनी कव्हर उघडलं, पिना बघितल्या आणि स्टुलावर बसला. त्याचे डोळे भरले होते.

“सखुबाईने दिलाय. अर्धे पैसे तिचे,” मी म्हणाले. “आणि… गुरुवारी दिलाय.”

“गुरुवारी?”

“हो. तीन दिवस मी लपवून ठेवला. तुला खोटा मेसेज केला. तू जाऊ नयेस म्हणून.” थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. “तू माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस आणि मी तुझ्याशी असं वागले. आता ओरडायचं असेल तर ओरड.”

त्याने कव्हर हळूच मिटलं. बाहेर एसटी आली, गेली.

“मला कुणी कधी थांबवून ठेवायला बघितलं नाही, दिपाली,” तो म्हणाला. “घरी ट्रकसाठी थांब म्हणतात. माझ्यासाठी थांब असं तूच पहिली म्हणालीस. तेही खोटं बोलून.”

मी डोळे पुसत हसले, तोही हसला.

संध्याकाळपर्यंत बेंगळुरूच्या गृहस्थांनी पैसे पाठवले. सोमवारी सकाळी माझ्या अर्ध्या वाट्यातून त्याची फी भरली गेली आणि सखुबाईचे पैसे मी स्वतः तिच्या खात्यात टाकले. आम्ही दोघांनी जाऊन तिला पासबुकातला आकडा वाचून दाखवला, तर तिने माझी अलाबला घेतली, मग त्याची घेतली, आणि त्याला म्हणाली, “पोरा, हिच्यासारकी मिलायला नशीब लागतं, कललं ना?”

“कळलं मावशी,” तो म्हणाला. माझे कान तापले.

हैदराबादला जायच्या आधी तो मला शेवटचं भेटून निघाला, त्या दिवशी मी दिघीच्या जेटीवर गेले. बोट लागलेली, टेम्पो चढत होते. बाइक आत नेऊन तो परत माझ्याकडे आला.

“एक विचारायचंय,” तो म्हणाला. “मी परत आल्यावर… आपण दोघं… म्हणजे पुढचं सगळं एकत्र. पण आत्ता उत्तर देऊ नकोस.”

“का?”

“आत्ता तुला वाटतंय तू माझं नुकसान केलंस. मला वाटतंय तू मला सगळं मिळवून दिलंस. असल्या उपकारांच्या ओझ्याखाली कुणी हो म्हणू नये. सहा महिने जाऊ देत. ते ओझं उतरेल. मग सांग.”

एवढं बोलून तो भरभर उतारावरून बोटीत गेला. साखळ्या खडखडल्या, फळी वर उचलली जायला लागली. मी तिथेच उभी राहून विचार केला. त्याचे उपकार मी मानते, आणि जन्मभर मानीन. पण बोटीवर त्याने रेनकोट धरला तेव्हा जे वाटलं होतं ते उपकारांचं नव्हतं. ते मला चांगलं ठाऊक होतं. मग सहा महिने कशासाठी घालवायचे?

इंजिनाचा आवाज वाढला होता. मी जेटीच्या कडेपर्यंत गेले आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडले, “निकेत… हो. आत्ताच हो.”

कठड्याशी उभा असलेला तो वळला. टेम्पोवाले वळले, मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका वळल्या, तिकीटवालासुद्धा खिडकीतून डोकावला. त्यातल्या निम्म्यांची आधार कार्डं मी लॅमिनेट केली होती, म्हणजे संध्याकाळच्या आत आईला कळणार होतं. कळू दे, म्हटलं, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले.