कड्यावरची रुपेरी

बोंडं फुटायच्या आत कड्यावर पोचायचं होतं! मोहीम तेवढ्यासाठीच होती. रुपेरीची बोंडं वर्षातून एकदाच पिकतात, आणि पिकली की दोन-चार दिवसांत फुटून बिया वाऱ्यावर जातात. तिचं माहीत असलेलं एकच झुडूप उरलं होतं. ते ज्या कड्यावर उभं होतं, तो कडा गेल्या वर्षीच्या भूकंपापासून तुकड्यातुकड्याने दरीत उतरत होता.

निघाली माणसं तीन. पुढे मॅडम, पन्नाशीच्या, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक. मागे त्यांचे दोन विद्यार्थी. एक लंबू, ज्याचं डोकं प्रयोगशाळेच्या प्रत्येक दाराला एकदा तरी आपटलं होतं. दुसरी मुंगी. ती त्याच्या खांद्यालाही लागत नसे, पण स्वतःच्या वजनाइतकी सॅक पाठीवर टाकून न कुरकुरता चढे.

मॅडम विज्ञानात आल्या त्या सुईच्या मागोमाग. वडील शिंपी. वाळवलेली रोपं जाड कागदावर टाके घालून बसवायला संग्रहालयात कुणीतरी हवं होतं. एकोणिसाव्या वर्षी ही पोरगी तिथे लागली. एकदा एकाच नावाची दोन रोपं शिवताना तिचा हात थांबला. "साहेब, ही त्या जातीची नाही," ती संग्रहपालांना म्हणाली. "हिच्या पानाची कड दुमडलीय. आणि लव उलट्या अंगाला आहे." म्हाताऱ्याने भिंग लावून तासभर पाहिलं. मग म्हणाला, "टाके घालायला दुसरं कुणीही मिळेल. तू कॉलेजात नाव घाल." ते दुसरं रोप म्हणजे रुपेरी. ती जिवंत दिसायला पुढे एकतीस वर्षं जावी लागली, आणि दिसली तीही पलीकडच्या डोंगरावरून, दुर्बिणीतून.

पहिल्याच दिवशी नदीने वाट अडवली. साकव वाहून गेला होता! पाणी कमरेच्या वर, आणि बर्फासारखं गार. लंबू कमरेला दोर बांधून पुढे गेला, पलीकडे पोचला, दोर ताणला. मधोमध मुंगीचा पाय सटकला. ती वाचली, पण हातातली शिध्याची पिशवी भोवऱ्यात गेली ती गेलीच. उरली चार बिस्किटांची पाकिटं.

"परत फिरायचं?" लंबूने विचारलं.

"बोंडं आपल्यासाठी थांबणार आहेत का?" मॅडम म्हणाल्या आणि चालू लागल्या.

दुसरा दिवस धुक्याने खाल्ला. हातभर पुढचं दिसेना. तिसऱ्या दुपारी धुकं एकदम फाटलं आणि पायांपुढची जमीनच संपली. कडा! खाली दरी, आणि साठ फुटांवर एका अरुंद कपारीत चांदीचा मुलामा दिल्यासारखं ते झुडूप.

"मी उतरते," मुंगी म्हणाली. "मी सगळ्यांत हलकी आहे."

"मीच जाणार."

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत, दोरावर हलकं माणूस..."

"एकतीस वर्षं थांबलेय मी!" आवाज असा चढला की मुंगीने दोर त्यांच्या कमरेला बांधला.

लंबूने एका झाडाच्या जाड बुंध्याला दोराचे वेढे दिले आणि दोर इंचाइंचाने सोडू लागला. मुंगी कड्याच्या काठावर पालथी पडून खाली पाहत राहिली. ठरलेलं एकच होतं: खालच्याला कडा दिसत नाही, म्हणून वरचा सांगेल ते खालच्याने ऐकायचं.

मॅडमचे पाय कपारीला लागले. समोर रुपेरी! क्षणभर त्यांनी नुसतं पाहिलं. बोटाने पान उलटं केलं, तर लव उलट्या अंगालाच. मग कात्री काढली. चौदा बोंडं. तीन आधीच फुटून रिकामी. अकरा शिल्लक. एक कापलं, कागदी पाकिटात. दुसरं. तिसरं.

खडे गळायला लागले. आधी वाटाण्याएवढे, मग मुठीएवढे.

मुंगीला दिसलं ते मॅडमना दिसणं शक्यच नव्हतं. कपार जिथे कड्याला जोडली होती तिथे एक रेघ उमटली होती. केसाएवढी. बघता बघता बोटाएवढी!

"मॅडम, वर या!"

"दोनच मिनिटं!"

चौथं बोंड. पाचवं.

"मॅडम, कपार सुटतेय! वर या!"

"पाचच राहिलीत गं!" सहावं पाकिटात पडलं.

ज्या बाईंपुढे साधी शंका विचारताना तिची जीभ अडखळायची, त्या बाईंवर ती ओरडली, "कात्री टाका! दोन्ही हातांनी दोर धरा! लंबू ओढतोय. मी विचारत नाहीये!"

कात्री खणखणत दरीत गेली. लंबू मागे रेलला. दोर ताठ झाला. मॅडमचे पाय उचलले गेले, आणि त्याच क्षणी कपार निखळली! आधी काहीच ऐकू आलं नाही. मग डोंगर कण्हावा तसा आवाज, आणि धुळीचा लोट. एक दगड मॅडमच्या खांद्यावर बसला. त्या भिंतीवर आपटल्या, गरगरल्या, पण हात सुटले नाहीत. वर लंबूच्या हातमोज्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. तो सोडत नव्हता. मुंगी धावली, तिनेही दोर धरला. ओढ! अजून ओढ!

मॅडम काठावर आल्या, गवतात तोंड खुपसून पडल्या. पहिलं वाक्य काय असावं? "पाच बोंडं राहिली."

"तुम्ही राहिला असतात!" मुंगी किंचाळली, आणि मग तिला रडूच आवरेना.

परतीचे दोन दिवस तिघं अर्ध्या बिस्किटावर चालली. मॅडमचा हात गळ्यात. नदी ओलांडून पलीकडे बसल्यावर त्या म्हणाल्या, "लंबू, हात दाखव." आणि एका हाताने त्याच्या सोललेल्या तळव्यांना कितीतरी वेळ पट्टी बांधत बसल्या.

सहा बोंडांत बासष्ट बिया निघाल्या. अर्ध्या बिया दुसऱ्या गावच्या बीजसंग्रहात गेल्या, उरलेल्या एकतीस कुंड्यांत पडल्या. दहा आठवडे नुसती माती. लंबू रोज सकाळी वाकून पाही आणि मान हलवी. अकराव्या आठवड्यात मुंगी काचघरातून धावत सुटली. हिरवे ठिपके! एकूण नऊ.

त्या दिवशी मॅडम मोहिमेचा अहवाल पुरा करायला बसल्या. लिहून झाल्यावर त्यांनी शेवटचं पान मुंगीपुढे सरकवलं. तिने वाचलं: 'मूळ झुडूप नष्ट. बिया बासष्ट. वर येण्याचा इशारा मोहीमप्रमुखाने दोनदा धुडकावला. चूक सर्वस्वी प्रमुखाची.'

"मॅडम, हे कशाला लिहायचं? बाहेरची माणसं वाचतील."

"वाचू देत. जे घडलं ते लिहायचं असतं. आवडलं तेवढंच लिहिलं तर ते विज्ञान कसलं?"

मुंगीने थोडा विचार केला. मग मॅडमच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली एक ओळ जोडली: 'तिसऱ्या हाकेला आल्या.'