फक्त माळीबुवांवर रुसलेलं यंत्र

"ह्यांच्या यंत्राला कुणीतरी काहीतरी केलंय!" माळ्याची बायको आत येताच म्हणाली आणि चष्मा शोधायला तिनं आपली हिरव्या पट्ट्यांची पिशवी टेबलावर उपडी केली.

बटणं, दोऱ्याचं रीळ, अर्धी पेन्सिल, पीळ दिलेला तांब्याच्या तारेचा तुकडा. "मला काही टाकवतच नाही हो," ती ओशाळून म्हणाली.

ती ज्यांच्याकडे आली होती, त्या खासगी गुप्तहेर बाईंना सगळे टाचणीबाई म्हणत. मदतीला त्यांचे धाकटे दीर, भावजी. भावजी सगळं वहीत टिपून घेत आणि नेमकं महत्त्वाचं तेवढं गाळत.

हकिगत अशी होती. खेळाच्या मैदानाचं गवत कापायला वर बसून चालवायचं यंत्र होतं. सोमवारपासून ते सुरू होत नव्हतं. उद्या सामने. आज संध्याकाळपर्यंत गवत कापलं गेलं नाही, तर मैदान कंत्राटदाराकडे जाणार होतं.

"तीस वर्षं पोटच्या पोरासारखं राखलंय त्यांनी ते मैदान. घास उतरत नाहीये त्यांच्या घशाखाली," पिशवी पुन्हा भरत बायको म्हणाली.

टाचणीबाई लगेच चपला घालून निघाल्या; मागोमाग भावजी आणि माळ्याची बायको.

मैदानाचे सचिव शेडपाशी वाट बघत होते. "यंत्र ठणठणीत आहे! मंगळवारी मी सीटच्या या नव्या हिरव्या पट्ट्यांच्या कव्हरवर मस्त टेकलो, किल्ली फिरवली, लगेच सुरू. माळीबुवांचं मनच नाही आता कामात."

पहारेकऱ्यानं मान डोलावली. "काल मीपण गंमत म्हणून चढून बसलो. सुरू झालं की! पण काका आले की ढिम्म. रुसलंय ते त्यांच्यावर."

भावजींनी वहीत लिहिलं : रुसवा.

माळीबुवा पान्हा पुसत उभे होते.

"कव्हर कधी घातलं?" टाचणीबाईंनी विचारलं.

"पेट्रोल काठोकाठ आहे. प्लग नवा, बॅटरी चार्ज केलेली," माळीबुवा म्हणाले.

टाचणीबाईंनी जवळ जाऊन पुन्हा विचारलं.

"रविवारी. हिनं शिवलं. सीट फाटून पाठीला टोचत होती."

"बरं, सुरू करून दाखवा."

माळीबुवा यंत्राच्या बाजूला उभे राहिले. डावा तळहात बॉनेटवर सपाट ठेवून त्यांनी उजव्या हातानं किल्ली फिरवली. यंत्रानं हूं की चूं केलं नाही. त्यांचे डोळे पाणावले.

टाचणीबाईंनी वाकून सीटखाली डोकावलं आणि हसतच सरळ झाल्या. "या सगळे इकडे. सीटखाली एक बटण आहे. माणूस बसला की ते दाबलं जातं, तेव्हाच इंजिन सुरू होतं. सचिवसाहेब बसले, पहारेकरी बसले. माळीबुवा मात्र उभेच."

"पण ते नेहमीच उभ्यानं सुरू करतात," पहारेकरी म्हणाला.

"कारण पूर्वी कुण्या मेकॅनिकनं बटणाच्या दोन तारा तांब्याच्या एका तुकड्यानं जोडून ठेवल्या होत्या. यंत्राला वाटे, कुणीतरी बसलेलंच आहे. रविवारी तो तुकडा गेला."

"चोर कोण मग?" भावजींनी पेन्सिल सरसावली.

"सीटचं कव्हर आणि ही पिशवी, कापड एकच आहे ना? पिशवी उघडा."

बायकोनं पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! कव्हर घालायला सीट काढली, तर खाली हा तुकडा दिसला. कचरा म्हणून काढला मी! परत लावते, थांबा."

"मुळीच नको. चालत्या यंत्रावरून माणूस पडला तर पाती थांबावीत, म्हणून असतं ते बटण. काढलात ते उत्तम झालं. माळीबुवा, बसा वर!"

माळीबुवा नाखुशीनंच चढले. किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. क्षणभर ते आपल्या रिकाम्या तळहाताकडे बघत राहिले, मग चेहरा उजळला. "अरेच्चा! बसल्या जागी कळतंय की!"

"काय कळतंय?" सचिवांनी विचारलं.

"बसून सुरू करण्यातलं सुख," टाचणीबाई घाईनं म्हणाल्या. "तुम्ही जा, कंत्राटदाराला नको म्हणून कळवा."

सचिव खजील होऊन गेले. पहारेकरीही फाटकाकडे वळला.

"पण वहिनी, ते उभ्यानंच का सुरू करायचे?" भावजींनी विचारलं.

टाचणीबाईंनी त्यांच्याच वहीचं पान फाडलं, दोन ओळी खरडल्या आणि चिठ्ठी माळीबुवांच्या हातात दिली : "इंजिन सुरू झालं का, हे तुम्ही तळहाताला विचारता. कान तपासून घ्या."

माळीबुवा कानशिलापर्यंत लाल झाले. "माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

त्यांची बायको यंत्राला खेटून उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "तीन वर्षं हेच सांगतेय मी तुम्हाला!"

"तीन वर्षं?" माळीबुवांनी चिठ्ठी जपून खिशात घातली. "मग आधी बोलायचं नाही का!"

आणि ते गवताची पहिली पट्टी कापत निघाले.