पंचांची मोजणी

महानता मोजता येत नाही, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. क्रीडा समितीने ती मोजायला दोन माणसं नेमली आणि वेळ ठरवून दिली: सोमवार ते शनिवार, अकरा ते पाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी.

त्या दोघांपैकी एक होती जोडणी. जुन्या चित्रफितींच्या संग्रहालयात तुटलेल्या फिल्म जोडायचं काम ती करायची, म्हणून सगळे तिला जोडणीच म्हणत. वय एकतीस. ‘मुलगी’ हा शब्द आता तिची आई तेवढी वापरायची, तोही स्थळ घेऊन आलेल्यांसमोर. अकरा वर्षांत तिच्या हातून एक चौकट इकडची तिकडे झाली नव्हती. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो ऐकून घ्यायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

समितीच्या पत्रात लिहिलं होतं, ‘सदर मुष्टियुद्धाच्या फिल्मवरून पंच मोजण्याकामी आपण सहकार्य करावे.’ तिने सहकार्य केलं. सोमवारी सकाळी फिल्म यंत्रावर चढवली, पाहिली आणि मोजले. सव्वाअकराला दारावर टकटक झाली.

“मी पंच,” दारातला माणूस म्हणाला.

उंच होता. नाक किंचित डावीकडे वळलेलं… जणू आयुष्यात एकदा त्या बाजूने कुणी हाक मारली होती आणि नाकाने ती मनावर घेतली होती.

“एकच आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“पंच. मी पाहून ठेवलंय. पांढरा शर्ट, काळा बो. दहाही फेऱ्यांत तोच. सही कुठे करू?”

तो हसला. आवाज न करता, नुसते खांदे हलवून.

“अहो, पंच म्हणजे ठोसे. लागलेले ठोसे मोजायचेत. पंच मी आहे.”

“म्हणजे पंच पंच मोजणार.”

“पंच आणि तुम्ही. दोघं मिळून.”

“मग पत्रात ठोसे लिहायला काय झालं होतं?”

“समिती आहे. ठोसे म्हटलं की त्यांना आपली बैठक आठवते.”

आता ती हसली. आवाज करून.

प्रकरण असं होतं. गावात नवं क्रीडागृह बांधून झालं होतं आणि त्याला घणांचं नाव द्यायचं घाटत होतं. घण म्हणजे गावचे एकमेव मुष्टियुद्धविजेते. ते निवृत्त झाले त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. विजेतेपदाच्या लढतीत रिंगबाहेर बसून गुण देणाऱ्या तीन पंचांपैकी दोघांनी त्यांना कौल दिला होता आणि एकाने समोरच्याला. तेव्हापासून गावाचे दोन तट होते. एक म्हणे, असा मुष्टियोद्धा पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणे, हाही झाला नव्हता. शेवटी ठरलं, फिल्म आहे ना? मोजा. एक मोजणारा जाणकार हवा, एक पूर्ण अडाणी. जोडणीच्या अडाणीपणाबद्दल समितीच्या सचिवांनी लेखी खात्री दिली होती. दोघांच्या आकड्यांत पाचापेक्षा जास्त फरक पडला, तर मोजणी रद्द.

प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक खटका, गर्दीत माणसं मोजायला वापरतात तसला. उजवा घणांचा, डावा समोरच्याचा. ठोसा लागला की अंगठा दाबायचा. खोलीत अंधार, जुन्या फिल्मचा आंबूस वास, यंत्राची घरघर, आणि दोन खुर्च्यांमध्ये हातभर अंतर.

सोमवारी संध्याकाळी आकडे जुळवले. तिच्याकडे घण एकशे एकतीस, समोरचा एकशे अठरा. त्याच्याकडे घण एकशे एकोणीस, समोरचा एकशे सत्तावीस.

“तुमच्या हिशोबाने घण जिंकले,” तो म्हणाला.

“तुमच्या हिशोबाने हरले.”

“मी वीस वर्षं पंच आहे.”

“मी अकरा वर्षं एक चौकट चुकवलेली नाही.”

“मग उद्या पुन्हा?”

“उद्या पुन्हा,” ती म्हणाली, आणि घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला राग आलेला नाही.

घरी बाबा वाटच पाहत होते. बाबा घणांचे कट्टर भक्त. “काय निघालं?”

“गुप्त आहे, बाबा.”

“यात गुप्त काय? ती लढत मी स्वतः रेडिओवर ऐकलीय. काय ते एकेक ठोसे!”

“रेडिओवर ठोसे दिसले?” आई आतून म्हणाली.

“ऐकू आले.”

“ते आपल्या रेडिओची खरखर होती. मी दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला टाकला, आठवतंय?”

मंगळवारी आकडे आणखी लांब गेले. बुधवारी त्याहून लांब. खरं तर सरावाने माणूस सुधारतो, पण ही दोघं दिवसागणिक बिघडत चालली होती. चहाच्या वेळी मात्र वाद रंगायचा.

“घण महान नव्हते,” पंच म्हणायचा. “नशीबवान होते. त्यांच्या वजनगटात तेव्हा माणसंच अकरा होती.”

“अकरांत पहिलं येणं सोपं असतं?”

“आमच्या वर्गात नऊजण होते. मी चौथा यायचो.”

“बघा! मग तुम्हाला कुणी महान म्हणालं का?”

“माझी आई म्हणायची.”

“तिने मोजलं होतं?”

“तिला मोजायची गरज नव्हती.” कपातल्या चहाकडे बघत तो म्हणाला, “जे आवडतं, ते कोण मोजत बसतं…”

मग दोघंही घाईघाईने बिस्किटांकडे वळले. बिस्किट एकच उरलं होतं. त्याने ते मोडलं आणि मोठा तुकडा तिच्या बशीत ठेवला. पंच असून इतका उघड पक्षपात त्याने प्रथमच केला असावा.

गुरुवारी सचिव येऊन गेले. आकडे बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच राहिले.

“शनिवार शेवटचा,” ते म्हणाले. “जमलं नाही तर दुसरी जोडी नेमू.”

‘जोडी’ या शब्दावर खोलीतल्या दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या भिंतींकडे पाहिलं. शनिवारी आकडे जुळले तर काम संपणार होतं, आणि नाही जुळले तरी संपणारच होतं. सोमवारी हा माणूस सव्वाअकराला त्या दारात उभा नसणार, हे जोडणीला अगदी स्वच्छ दिसत होतं. आणि आणखी एक गोष्ट दिसत होती, ती जास्त त्रासदायक होती. आपण ठोसे कुठे चुकवतो, हे तिला ठाऊक होतं. पडद्यावर घण कोपऱ्यात अडकले, की शेजारच्या माणसाचा जबडा घट्ट होई आणि खांदा नकळत पुढे जाई. फिल्मचा पांढरा उजेड त्या वाकड्या नाकावरून घसरत असे… तेवढ्यात इकडे पाचसहा ठोसे लागून जात. हे सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. नाही सांगायचं तर चुकीच्या आकड्याखाली सही करायला हवी, तीही एका म्हाताऱ्या माणसाच्या नावाचा प्रश्न असताना.

शुक्रवारी तो म्हातारा माणूसच आला. बिनबाह्यांचा स्वेटर, हातात कापडी पिशवी. सचिवांनी त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बिस्किटं आणायला गेले. दोन फेऱ्या घणांनी मुकाट्याने पाहिल्या. मग खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसले.

“काका, पडदा मागे आहे,” जोडणी म्हणाली.

“तिकडचं मला माहितीय, पोरी. मी तिथे होतो.”

ते या दोघांकडेच बघत राहिले. पाचवी फेरी संपली, तेव्हा त्यांनी हात वर केला. जोडणीने यंत्र थांबवलं.

“या फेरीत तुझे अंगठे चारदा थांबले,” घण म्हणाले. “याचे सहादा. आणि दोघांचे एकदम एकदाही नाही. तू याच्याकडे बघतेस तेव्हा याची नजर पडद्यावर. हा तुझ्याकडे बघतो तेव्हा तुझी पडद्यावर. चुकवाचुकवीत तुम्ही दोघं माझ्यापेक्षा सरस आहात.”

खोली एकदम फार लहान झाली. पंचाने घसा साफ केला. वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या चुका दाखवत आला होता. आता त्याने भलतंच विचारलं.

“काका, खरं सांगा… तुम्ही महान होतात का?”

“मला काय विचारतोस? तिसऱ्या फेरीनंतर मला एका डोळ्याने दिसत नव्हतं. समोर एक आहे की दोन, याचाच गोंधळ. मी आपला मधल्याला मारत होतो.”

“दोघांत मधला कुठला?” जोडणी म्हणाली.

“तेच तर,” घण म्हणाले आणि पिशवी घेऊन उठले. बिस्किटांना थांबले नाहीत.

शनिवारी पंच आला तेव्हा दोन खुर्च्यांच्या मध्ये दोरी बांधलेली होती आणि दोरीवर काळं कापड लटकत होतं, फिल्मवर उजेड पडू नये म्हणून वापरतात ते जाड कापड. जोडणी पलीकडे बसली होती. तिला सकाळपासून चार वेळा ते काढून टाकावंसं वाटलं होतं.

“हे कशाला?” त्याने विचारलं.

“उजेड येतो.”

“खिडक्या तर बंद आहेत.”

“खिडकीतून येतो असं कुठे म्हटलं मी?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक लांब श्वास. मग यंत्र सुरू झालं.

दहा फेऱ्या तिने आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिल्या. एक डोळा मिटलेला माणूस मार खात होता आणि पुढे येत होता, मार खात होता आणि पुढे येत होता. कापडापलीकडून अंगठ्याचा खटका ऐकू येई — तिच्या खटक्याबरोबर, अगदी त्याच क्षणी. टक. टक. असं वाटत होतं, की एकच माणूस चार हातांनी मोजतोय. सातव्या फेरीत पलीकडे जरा जास्त वेळ शांतता पसरली.

“आहेस ना?” ती म्हणून गेली.

आणि जीभ चावली. आठवडाभराचं ‘तुम्ही’ एका शब्दात गेलं होतं.

“आहे,” पलीकडून आवाज आला. “मोज तू.”

आकडे जुळले. घण दोघांचेही एकशे चाळीस. समोरचा तिच्याकडे एकशे त्रेचाळीस, त्याच्याकडे एकशे बेचाळीस.

“म्हणजे घणांनी कमी मारले,” ती हळूच म्हणाली. बाबांचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला.

“मी आठवडाभर हेच सांगत होतो.” तो कापडामागून पुढे आला. “खरं निघालं… आणि मला काडीचा आनंद होत नाहीये. एका डोळ्याने एकशे चाळीस! मी दोन डोळ्यांनी एवढे मोजू शकलो नाही.”

“मग महान?”

“महान,” तो म्हणाला. “माझ्याकडून लेखी घे.”

लेखीवरूनच पुढचं अडलं. अहवालाच्या छापील तक्त्यात शेवटी एक रकाना होता: ‘आधीच्या मोजण्यांत तफावत आल्यास तिचे कारण.’ खाली दोन सह्यांची जागा.

“तांत्रिक कारण, असं लिही,” तो म्हणाला. “सगळे तसंच लिहितात.”

“मी अकरा वर्षांत खोटा शेरा लिहिलेला नाही.”

“मग?”

तिने पेन उघडलं. कान तापले होते, पण हात स्थिर होता, फिल्म जोडताना असतो तसा. सुवाच्य अक्षरात तिने लिहिलं, ‘मोजणारे एकमेकांकडे बघत होते.’ सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. वर मात्र पाहिलं नाही.

यंत्रावर फिल्मचं मोकळं टोक फिरत होतं — फट, फट, फट.

“यात दुरुस्ती हवी,” तो म्हणाला.

“कुठे?”

“‘होते’ नको. ‘आहेत’ कर.”

आता तिने वर पाहिलं. त्या दोघांची नजर एकदमच, एकाच वेळी भेटण्याची ही पहिली वेळ. कुणीच चुकवली नाही. तिने ‘होते’ खोडलं, वर ‘आहेत’ लिहिलं. त्याने सही केली. खोडलेल्या जागी दोघांनी नियमाप्रमाणे आद्याक्षरं घातली.

“सोमवारी काय?” त्याने विचारलं.

“सोमवारी काही काम नाही.”

“म्हणून तर विचारतोय.”

“घरी ये,” ती म्हणाली. “बाबांना एकशे चाळीसचं तूच सांग. एका डोळ्याचं आधी सांग, आकडा मागून.”

सोमवारी तो गेला. बाबांनी त्याला रात्रीचं जेवू घालूनच सोडलं. आईने वाकड्या नाकाबद्दल एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे झोपेत घोरतो का. पाच महिन्यांनी लग्न झालं. एकशे त्रेचाळीस की बेचाळीस, हे त्या घरात अजून ठरलेलं नाही.

अहवाल सचिवांनी न वाचता फायलीला लावला. क्रीडागृहाला घणांचं नाव दिलं गेलं. फलक मोजणी सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यातच रंगवून झाला होता.