इसाकची काठी

रविवारी सकाळी मी कॉफीची किटली परत करायला शेजारच्या चर्चमध्ये गेले, एवढंच. बाकीच्या चौकशा ओघाने आल्या.

आमचा घंटावाला तौनो काचेच्या कपाटात एक लांबलचक काठी ठेवत होता. ओंडक्यांचं हे चर्च यंदा अडीचशे वर्षांचं झालं, म्हणून माळ्यावरचं जुनं सामान मांडायचं ठरलं होतं. उपदेशात पेंगणाऱ्यांना टोचून जागं करायची काठी ती. हे काम करणारा शेवटचा माणूस इसाक. एका रविवारी तोच झोपला. तेव्हाच्या पाळकांनी सगळ्यांदेखत काठी काढून घेतली, आणि बर्फ वितळायच्या आत बिचारा झुरून गेला.

“तुम्ही त्याचेच वारस,” मी तौनोला म्हटलं.

“सेल्मा, चेष्टा पुरे,” त्याची बायको लेम्पी म्हणाली. “हे आज पुन्हा झोपले तर कामावरून काढणार म्हणालेत नवे पाळक. कामाबरोबर घरही जाईल. तू ह्यांच्या मागे बस आणि लक्ष ठेव.”

कपाटाला कुलूप लावून तिने किल्ली माझ्याकडे दिली. मागाहून काच आतून मी पुसायची होती.

मी बसले. कोटाच्या खिशात साखर भुरभुरलेला वेलचीचा गोड पाव होता, उपदेश लांबला तर असावा म्हणून. खिडक्या बर्फाने अर्ध्या बुजलेल्या. आत ओंडक्यांना फासलेल्या डांबराचा नि ओल्या लोकरीचा वास. गारठ्याने लाकूड कडकड वाजत होतं… मग वाजेनासं झालं. पाळकांचा आवाज लांब लांब गेला…

खरं सांगते, माझाच डोळा लागला.

बरगडीत काहीतरी टोचलं. दचकून पाहते तर तौनोही बरगडी चोळत घंटेच्या दोराकडे निघालेला. अगदी वेळेवर.

बाहेर आल्यावर तो कुजबुजला, “जागं केलंस ते बरं झालं. पण इतक्या जोरात?”

“मी… नाही केलं.”

“मग कोणी?”

“मला वाटलं… लेम्पीने.”

“मी आत कॉफी उकळत होते,” लेम्पी म्हणाली.

तेवढ्यात पाळक खुशीत आले. “आज एकही डुलकी नाही. पुढच्या रविवारी अर्धा तास जास्त बोलेन.”

तिघांच्याही अंगावर काटा आला.

मग मी एकटीच कपाटापाशी गेले. कुलूप जसंच्या तसं. ते उघडलं. काठीवर माळ्यावरची धूळ तशीच होती, फक्त टोकाला साखरेचे दोन दाणे चिकटलेले. वास घेतला… वेलची.

खिशात हात घातला. पावाला बोटभर भोक, आरपार.

कोट मात्र कुठेही फाटलेला नव्हता.