लंगोटाची जागा

धुळ्याहून चाळीसगावला जाणारी दुपारची एसटी मेहुणबाऱ्याला पुरती थांबलीही नव्हती, तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, उपरणी आत पडू लागली. एका पठ्ठ्यानं तर पायातली चप्पल फेकली. ज्याची वस्तू आधी पडेल त्याची सीट, असा तिथला कायदा.

आणि कडेवर तान्हं पोर असलेल्या बाईनं काय फेकायचं? पोर?

प्रमिला आठवडाभर हेच पुटपुटत उभ्यानं जात होती. तिची बहीण कला चाळीसगावच्या दवाखान्यात नर्स. बाळंतपणाची रजा संपली, पण बाळ बाटलीला तोंड लावेना. म्हणून प्रमिला त्याला रोज दुपारी आईकडे पाजायला न्यायची. तिचे हाल बघून घरात सूर निघाला, "कलानं नोकरीच सोडावी."

म्हणजे बाप्यांना मांड्या फाकवून बसता यावं म्हणून कलानं घरी बसायचं! त्या दिवशी गाडीपाशी उभ्या उभ्या प्रमिलाचं डोकंच फिरलं. नेमकं तेव्हाच बाळानं आपलं काम उरकलं. तिनं ओला लंगोट सोडवला आणि दारालगतच्या खिडकीतून आत भिरकावला.

ती सीट निघाली कंडक्टरची. तिकिटं फाडून दमलेला रुपचंद धपकन बसला... आणि विंचू चावल्यासारखा उठला.

"हे... हे ओलं काय?"

"रुमाल. आमच्या बाळाचा." प्रमिला समोर उभी.

"वहिनी, ही कंडक्टरची सीट आहे—"

"रुमाल पडला की सीट आपली. का हा कायदा फक्त मिशावाल्यांना?"

अख्खी गाडी खिदळली. रुपचंद पुढून लाजून लाल, मागून खाकी ओली! पण जागा दिली हो त्यानं. बाळ रडू लागलं तसा तिकिटं टोचायचा चिमटा त्याच्या कानाशी वाजवला, टिक्-टिक्... "गप रे राजा. हा मामा आहे ना!"

"आणि मी वहिनी नाही," प्रमिला खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मावशी आहे त्याची."

रुपचंदनं जीभ चावली. मामा! आपल्याच तोंडानं तिचा भाऊ होऊन बसला की!

मग तो रोज उभा राहू लागला. तर बाईसाहेब त्यावरही भडकल्या.

"तुमचे उपकार नकोत. उद्या दुसरी कुणी लेकुरवाळी आली, तर ती काय ड्रायव्हरच्या मांडीवर बसेल?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर पांढऱ्या रंगात अक्षरं उमटली होती : 'तान्ह्या बाळांसाठी'. रुपचंदच्या बोटांना रंग तसाच होता. तो ओरडला, "ऐका मंडळी! ह्या बाकावर रुमाल चालणार नाही. फक्त लंगोट!"

तेव्हा भिका पैलवानानं काय करावं? आखाड्यातला स्वतःचा लाल लंगोट खिडकीतून टाकला आणि ऐटीत बसला!

"उठा, पैलवान."

"का म्हणून? लंगोट शे ना!"

"बाळ कुठंय? बाळ बसल्याशिवाय मी घंटी मारणार नाही. मग माझी नोकरी गेली तरी चालेल."

गाडी ठप्प. प्रमिला बघतच राहिली. मागून केसरबाई म्हातारी कडाडली, "ऊठ रे भिका! बठ्ठी, आख्खी गाडी तुन्ही शे का? का तुलेबी पाजनं शे?"

पैलवान असा उठून गाडीतून उतरला, की म्हणे थेट शिरूडच्या फाट्यापर्यंत मागं वळून बघितलं नाही त्यानं.

चाळीसगावला बाळ आईकडे पोचलं. घरात नोकरी सोडायची भाषा थांबली. पुढं एक दिवस परतीच्या गाडीपाशी रुपचंद चिमटा उगाच हवेत टिकटिकवत होता.

"एक सांगू? बाळाला... मला मामा म्हणायला नका शिकवू."

"मग काय म्हणायचं त्यानं?"

"मावसा... जमेल?"

प्रमिला गोरीमोरी झाली. गाडीला वळसा घालून पलीकडे गेली. रुपचंदचा चेहरा उतरला. तेवढ्यात दारालगतच्या खिडकीतून कंडक्टरच्या सीटवर एक रुमाल पडला. कोरडा, कडेला निळी वेल भरलेला.

खिडकीखालून आवाज आला, "जागा धरलीय हं मी... दुसऱ्या कुणाला बसू देऊ नका."